मुलगा आठवीत - खो-खो, एनसीसी, शिष्यवृत्ती आणि नाटकात 'आई'चं काम. काय सोडायला लावू?

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगा आठवीत आहे, पुण्यात पेठेतल्या एका जुन्या शाळेत. फक्त मुलांची शाळा. माझी शाळा मुलींची आणि नवऱ्याची एकत्र, त्यामुळे हे फक्त-मुलांचं प्रकरण आम्हा दोघांनाही नवीन. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्या पंधरा दिवसांतच फळ्यावर नोटिसांवर नोटिसा, खो-खोची निवड, एनसीसीची निवड, वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, नाटक, आणि आमच्या चिरंजीवांनी दिसेल तिथे नाव दिलं. मला वाटलं दोनचार ठिकाणी गळेल आपोआप. गळला नाही. खो-खोच्या चौदा वर्षांखालच्या टीममध्ये घेतलं, एनसीसीत घेतलं, आणि नाटकाच्या सरांनी वाचन घेऊन त्याला चक्क आईचं काम दिलं, गावाकडची बाई, तिचा मुलगा होस्टेलमधून पळून गेलाय आणि ती वाट बघतेय असं काहीतरी, नाटक सरांनी स्वतःच लिहिलंय.

आता दिवस असा, सकाळी साडेसहा ते साडेआठ खो-खो, दहा ते अकरा शिष्यवृत्तीचा क्लास, बारा ते साडेपाच शाळा, मग सात वाजेपर्यंत तालीम, आणि शनिवारी परेड. घरी येतो तो भूक आणि झोप यातलं आधी काय हेच त्याला कळत नाही. परवा पोळी हातात धरून झोपला होता. घटक चाचणीत गणितात वीसपैकी नऊ. बाबाचा आवाज चढला, सगळं बंद, फक्त शिष्यवृत्ती, विषय संपला.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे असं मला वाटतं. वर्गातली पोरं त्याला चिडवतात. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून बाक वाजवत कोरस सुरू होतो, "आई, भूक लागली! आई, भूक लागली!" डबा उघडला की आठदहा हात पुढे येतात. आधी हसून सांगायचा, आता सांगतच नाही, मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. आणि गेल्या आठवड्यात एकदम म्हणाला, मी नाटक सोडतो, मला खो-खोला वेळ पुरत नाही.

तर एक, यातलं काय सोडायला लावायचं, आणि दोन, मुलांच्या शाळेत शिकलेल्या लोकांनी सांगा, हे चिडवणं आपोआप थांबतं की सरांना भेटू? भेटले तर त्याची अजून जास्त खेचतील अशी भीती वाटते.

---

खांबावरचा_गडी

ताई, मी पण मुलांच्याच शाळेतला, सातवी ते दहावी चार वर्षं खो-खो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे त्याला विचारा, नऊमध्ये आहेस का राखीव. हा प्रश्न आईवडील कधीच विचारत नाहीत, त्यांना "टीममध्ये आहे" एवढंच पुरतं. नऊ जण मैदानात आणि बाकीचे राखीव, राखीव असेल तर रोज दोन तास मैदानात काढून सामन्याच्या दिवशी तो पाण्याच्या बाटल्या सांभाळणार. त्यातही मजा असते, नाही असं नाही, पण मग वेळेचा हिशोब वेगळा. नऊमध्ये असेल तर मात्र हात लावू नका, कारण चौदाखालच्या गटाचं त्याचं बहुतेक हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालचा गट, तिथे मिशा फुटलेले दहावीचे घोडे असतात, त्यांच्यात नववीच्या पोराला जागा मिळायची मारामार.

दुसरं, खो-खो म्हणजे नुसतं पळणं असं लोकांना वाटतं. आठ जण पाट्यांवर (म्हणजे मधल्या पट्टीतले बसायचे चौकोन) एकाआड एक उलट्या तोंडाने बसलेले, नववा पकडायला पळतोय, समोर त्याला चुकवणाऱ्या तिघांची तुकडी. पकडणारा एकदा एका दिशेला वळला की टोकाचा खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही, त्यामुळे सगळा खेळ बसलेल्यांच्या कानावर. पाठीला हात पण लागला पाहिजे आणि "खो" पण ऐकू आला पाहिजे, त्याआधी ढुंगण हललं की फाउल. आमचे सर आम्हाला पाटीवर बसवून डोळे मिटायला लावायचे आणि मागून नुसते पावलांचे आवाज, कोण कुठून येतोय ते सांगायचं. मला आजही जिन्यावर कोण चढतंय ते पावलांवरून कळतं, बायको म्हणते भुतासारखं वागू नको.

गुडघे फुटणार, त्याला इलाज नाही. खांबाशी सूर मारायला शिकवायला लागले की पहिला महिना खपली धरते आणि निघते, धरते आणि निघते. हळद लावा आणि बोलू नका.

आणि जाता जाता, हा खेळ आपल्या पुण्याचा आहे हो. नियम पहिल्यांदा इथेच डेक्कन जिमखान्यावर बसले आणि २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला त्यात आपली पुरुषांची टीम नेपाळला हरवून जिंकली तिचा कॅप्टन प्रतीक वाईकर, तो पण पुण्याचाच. मुलींनीही जिंकला. त्या रात्री मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं तर एकाने विचारलं, खो-खोचा पण वर्ल्ड कप असतो? ब्लॉक केलाय त्याला.

---

गणिताचा_बाप

वीसपैकी नऊ. बाकी सगळं वाचायची गरजच पडली नाही. नाटक, खो-खो, परेड तिन्ही बंद करा आणि दिवाळीपर्यंत रोज दोन तास गणित. आठवीचं बीजगणित कच्चं राहिलं की दहावीला रडायची वेळ येते, स्वानुभव आहे.

---

खांबावरचा_गडी

@गणिताचा_बाप काका, सगळं बंद केलं की तो रोज दोन तास गणित करेल असं तुम्हाला खरंच वाटतं? दोन तास मोबाईल करेल.

---

निवृत्त_नाटकवाला

ताई, मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली पंचवीस मुलांची नाटकं बसवली, तीही मुलांच्याच शाळेत, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा थोडा अधिकार आहे.

लोकांना वाटतं बाईच्या कामाला आम्ही नाजूक, गोरागोमटा मुलगा शोधतो. अजिबात नाही. तसा मुलगा घेतला की तो रंगमंचावर लाजतो आणि प्रेक्षक हसतात. मी वाचनाच्या वेळी बघायचो, दुसरा बोलत असताना कोण ऐकतो. तेरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याचं वाक्य कधी संपतंय याची वाट बघत असतो, ऐकत नाही. तीस पोरांत एखादाच ऐकणारा निघतो, आणि आई म्हणजे तोच. तुमच्या मुलाला काम मिळालं ते या कारणाने मिळालं असणार, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं, कारण त्याला वाटत असेल आपण बायकी दिसतो म्हणून घेतलं. (वरच्या प्रतिसादातलं पाटीवर डोळे मिटून बसणं वाचलं आणि गंमत वाटली. खो-खोवाला पोरगा ऐकणार नाही तर कोण ऐकणार.)

नाट्यछटा लिहिणारे दिवाकर स्वतः शाळामास्तर होते, आणि नाट्यछटेत बोलणारा एकच असला तरी समोरचा काय म्हणाला हे त्याच्या तोंडावर दिसावं लागतं. म्हणून मी दरवर्षी पहिला महिना मुलांकडून नाट्यछटा करून घ्यायचो, नाटकाला नंतर हात लावायचो. आणि बालगंधर्वांबद्दल तर काय सांगायचं, ते स्टेजवर जशी साडी नेसायचे तशी घराघरांतल्या बायका नेसायला बघायच्या. पण हे मुलाला सांगू नका, तेरा वर्षांच्या मुलाला थोर माणसांच्या गोष्टी सांगितल्या की तो अजून वैतागतो.

चिडवण्याबद्दल. वर्गात जाऊन कुणाला ओरडायला सरांना अजिबात सांगू नका. मी काय करायचो सांगतो, सगळ्यात जास्त चिडवणारी दोन पोरं बोलावायचो आणि त्यांना बॅकस्टेजला घ्यायचो. एकाच्या हातात पडदा, दुसऱ्याच्या हातात दिवे. आठ दिवसांत ती नाटकाच्या बाजूने भांडायला लागायची, कारण आता नाटक त्यांचंही झालेलं असायचं. सरांना भेटाच, पण तक्रार म्हणून नको. बॅकस्टेजला मुलं कमी आहेत का एवढं विचारा.

आणि एक प्रश्न तुम्हाला. त्याचा आवाज फुटायला लागलाय का?

---

मिशीवाली_अफजलखान

आयडी बघा म्हणजे कळेल मी का आले 😀 मुलींची शाळा, सातवी, गॅदरिंग, मी अफजलखान. उंची जास्त म्हणून. काजळाने काढलेल्या मिशा, पोटाला उशी, भेटीच्या प्रसंगात महाराजांनी (जी माझी बेस्ट फ्रेंड) वाघनखं मारली आणि उशी सुटून खाली पडली, कापसासकट कोथळा!! आख्खा हॉल पाच मिनिटं हसत होता. मला पुढे दहावीपर्यंत सगळे खानसाहेबच म्हणायचे, रिक्षावाले काकासुद्धा.

पण ताई खरं सांगू का, मुलीला मिशा लावल्या तर लोकांना गंमत वाटते, मुलाला साडी नेसवली तर चेष्टा होते. माझं ते खानसाहेब कौतुकाचं होतं, तुमच्या मुलाचं ते "आई भूक लागली" तसं नाहीये. त्यामुळे "आम्हालाही चिडवायचे, काही होत नाही" असं मी म्हणणार नाही.

---

दादरकर

थोडं अवांतर. मुंबईत हे असलं सगळं थोडं थोडं करायची चैनच नाही, क्रिकेट असेल तर क्रिकेट. जाईल्स शील्ड, हॅरिस शील्ड (शाळांच्या क्रिकेट स्पर्धा), किटबॅग पोरापेक्षा मोठी आणि सकाळची लोकल. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने ६६४ ची पार्टनरशिप केली, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, ती सगळ्यांना पाठ आहे, पण त्या दोन दिवसांत पॅड बांधून नुसतं बसून राहिलेली बाकीची पोरं कुणाला आठवतात का? मी असाच पॅड बांधून बसणारा होतो (दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या काळात). दोन सीझनमध्ये तीन मॅच, एकूण धावा अकरा. त्याऐवजी नाटकात काम केलं असतं तर निदान चार वाक्यं तरी बोललो असतो. तेव्हा ते वर "नऊमध्ये आहे का राखीव" असं विचारलंय ना, तो प्रश्न सोन्याचा आहे. सचिनने क्रिकेटसाठी शाळा बदलली हे सांगून आमच्या बिल्डिंगमधल्या तीन बापांनी पोरांच्या शाळा बदलल्या. तिघंही आता आयटीत.

---

पेठेतली_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@खांबावरचा_गडी विचारलं. नऊमध्ये आहे, आणि पहिल्या तिघांच्या तुकडीत पळतो म्हणाला. हे त्याने मला आधी सांगितलंच नव्हतं, विचारल्यावर असा काही बघत होता माझ्याकडे, की हिला तुकडी कशी माहीत.

@निवृत्त_नाटकवाला सर, तुम्ही आवाजाचं विचारलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हो. गेले पंधरावीस दिवस. "आई" म्हणतो तेव्हा आ वर जातो आणि ई खाली येते. मी सर्दी समजून तुळशीचा काढा पाजत होते!! रात्री पाय चेपता चेपता विचारलं तर आधी काही बोलेना, मग म्हणाला, त्या बाईला एकदा अंगणात येऊन मुलाला जोरात हाक मारायची आहे, आणि तालमीत त्याच हाकेला आवाज चिरकला, सगळे हसले, सरसुद्धा हसले. म्हणजे चिडवणं होतंच, पण नाटक सोडायचंय ते यासाठी. नाटकाच्या स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर असं झालं तर?

बाबाला अजून फक्त वीसपैकी नऊ दिसतायत.

---

निवृत्त_नाटकवाला

ताई, मुलांच्या शाळेत नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाच्या मानेवर ही टांगती तलवार असते. जुलैत गोड आवाजाची आई निवडायची आणि नोव्हेंबरात तिच्या घशातून बाबा निघायचा. एका वर्षी माझी सीता आणि रावण दोघांचेही आवाज एकाच आठवड्यात फुटले, रावणाचं काही बिघडलं नाही.

त्याला सांगा, सरांशी स्वतः बोल. तू नको, तोच. आणि असं बोल, की मला काम सोडायचं नाही पण ती हाक जमणार नाही. नाटक त्यांनीच लिहिलंय म्हणताय ना, मग प्रश्नच मिटला. आवाज फुटलेल्या मुलाने पट्टी खाली आणायची, बारीक आवाज काढायला जायचंच नाही, वाक्यं छोटी करायची. गावाकडच्या राबणाऱ्या बाईचा आवाज कुठे मंजुळ असतो? ओरडायला मात्र लावायचं नाही, घसा दुखावतो.

(वर "तू नको" लिहिलं गेलं, सवयीने. माफ करा.)

---

गणिताचा_बाप

मी जरा तोडून बोललो. अकरा कशात गेले ते बघा, एवढं तरी करा. माझ्या मुलाचे असेच गेले होते, पेपर आणून बघितला तर पद्धत सगळी बरोबर आणि अर्धी चिन्हं चुकलेली, कंसाबाहेर वजा असलं की आत शिरताना साहेब विसरायचे. तेवढं एकच रोज वीस मिनिटं घेतलं. आणि शिष्यवृत्तीच्या क्लासला तो पेंगत असेल तर तो क्लास आधी बंद करा, पैसे तरी वाचतील.

---

मिशीवाली_अफजलखान

एनसीसीबद्दल कुणीच बोललं नाही, बिचारी एनसीसी.

---

खांबावरचा_गडी

एनसीसी आठवी-नववी दोन वर्षांची असते, मग 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा, त्यामुळे आत्ता सोडली तर सुटली, पुढच्या वर्षी मधूनच घेत नाहीत सहसा. पण शनिवार एकच दिवस आहे ना, राहू दे. परेडनंतरची भजी आणि पाव मिळतो अजून? आमच्यातले निम्मे त्यासाठीच देशसेवेला यायचे.

---

पेठेतली_आई

दिवाळीनंतर परत येतेय, तुम्ही एवढं लिहिलंत आणि पुढचं सांगितलं नाही तर बरं दिसणार नाही.

सुटला तो शिष्यवृत्तीचा क्लास. त्याने स्वतःच सोडला, म्हणाला घरी करतो, करतो म्हणजे अर्धं करतो. पेपर आणून बघितला, @गणिताचा_बाप तुम्हाला साष्टांग, वजाचं चिन्ह! अकराच्या अकरा ठिकाणी नाही पण पाच ठिकाणी तरी. आता बाबा रोज रात्री वीस मिनिटं कंस सोडवतात, बाबांचीही चुकतात.

सरांशी तो स्वतः बोलला. काय बोलला ते सांगत नाही. पण ती हाक काढून टाकली सरांनी. आता ती बाई दारात येते, काही बोलत नाही, हातातला कंदील नुसता वर धरते आणि अंधारात बघत राहते, आणि थोड्या वेळाने खाली घेते. एवढंच. आणि कंदिलाच्या वेळी बाकीचे दिवे हळूहळू कमी करायचे असतात, ते करायला "आई भूक लागली" मधले दोन पुढारी घेतले. मी सरांना बॅकस्टेजचं विचारायला गेले तर ते म्हणाले कालच घेतली दोन मुलं. सगळ्या नाटकवाल्या सरांचं एकच पुस्तक असतं वाटतं.

आणि मग व्हायचं तेच झालं, खो-खोचा सामना आणि नाटकाची फेरी एकाच दिवशी. सकाळी सामना, दुसऱ्याच फेरीत दोन गुणांनी हरले, हा शेवटच्या मिनिटाला खांबाशी सूर मारताना गुडघा सोलून बसला. तिथून रिक्षाने थेट भरत नाट्य मंदिर. आंघोळ नाही, काही नाही, हाफ पँटवरच नऊवारी नेसवली, मी आणि प्रॉम्प्टिंगला असलेला मुलगा, दोघांनी मिळून, काष्टा मारताना तो सारखा "आई हळू, गुडघा" करत होता. मी आई आणि तोही आई. बाहेर दुसऱ्या शाळेची पोरं "अरे आवाज कुणाचा" करत होती आणि आमचं ध्यान म्हणतंय, माझा तर नाहीच.

कंदिलाच्या प्रसंगाला हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी काय बघितलं ते मला नीट आठवत नाही, मी सगळा वेळ त्या गुडघ्याकडे बघत होते, पायरीवर बसताना लुगडं वर सरकलं आणि खालची ताजी जखम दिसली. नंतर परीक्षकांपैकी एकजण म्हणाले, पायाचा मेकअप फार बारकाईने केलाय, कष्टकरी बाई वाटते. सरांनी मान डोलावली, खरं काही सांगितलं नाही. नंबर आला नाही, प्रकाशयोजनेला उत्तेजनार्थ मिळालं, म्हणजे त्या दोन पुढाऱ्यांना! सोमवारी दोघं सर्टिफिकेट घेऊन वर्गभर फिरत होते. "आई भूक लागली" अजून म्हणतात, पण आता डब्यात लाडू असला तरच.

फोटो टाकू नको असं बजावलंय, त्यामुळे नाही.

आता एक शेवटचं. ते इरकली लुगडं माझ्या सासूबाईंचं होतं, त्यांना विचारूनच घेतलं होतं, पण ते मैदानाच्या लाल मातीने आणि रक्ताने दोन ठिकाणी डागाळलंय, काठाजवळ. त्यांनी अजून पाहिलेलं नाही. कशाने जाईल?

---

मिशीवाली_अफजलखान

रक्ताला गरम पाणी अजिबात लावू नका, डाग बसतो!! आधी गार पाण्यात भिजवा, मग रिठ्याच्या पाण्यात. माती वाळू द्या आणि ब्रशने झटका, ओली चोळू नका. काठाचा रंग जातोय का ते आतल्या बाजूला कोपऱ्यात आधी बघून घ्या.

---

निवृत्त_नाटकवाला

आणि सासूबाईंना सांगून टाका. कंदिलाचा प्रसंग आधी सांगा, डागाचं नंतर.